४४०००१ (संख्या)

४४०००१ (चार लाख चाळीस हजार एक) ही सहा अंकी विषम संयुक्त संख्या. नागपूरकर तिला ओळखतात ती सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओचा पिन कोड म्हणून. संस्कृतचे जाणकार आणि डाक खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यात ४४ हे आकडे विदर्भाचे आणि शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयाचे. म्हणजे ही संख्या ठरली ती टपालाच्या सोयीने. पुढे दिलेले गुणधर्म कोणी मुद्दाम निवडलेले नाहीत, आणि म्हणूनच ते पाहण्यात खरी मजा आहे.

अंकांची बेरीज ९, त्यामुळे ९ ने भाग जातो: ४४०००१ = ३² × ४८८८९. यातली ४८८८९ ही मूळ संख्या आहे. तिचे वर्गमूळ २२१ च्या किंचित पुढे असल्याने हाताने खात्री करायची तर २ पासून २११ पर्यंतच्या ४७ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. ७ ने आणि ९७ ने भागताना बाकी जेमतेम १ उरते; भाग गेलाच असे वाटते आणि जात नाही. ४४०००१ चे विभाजक सहाच: १, ३, ९, ४८८८९, १४६६६७ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज १९५५६९, म्हणजे संख्येपेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या.

४८८८९ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. इथे २०८² + ७५². दोन्ही बाजूंना ३² ने गुणले की ६२४² + २२५² = ४४०००१.

या संख्येचे सर्वांत रसाळ गुणधर्म मात्र देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या गणितातले आहेत. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. ४४०००१ हर्षद आहे. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत जाणे हा त्यांचा आणखी एक आवडता खेळ. ४३९९६५ मध्ये ३६ मिळवले की ४४०००१ येते. तिचा हा एकमेव जनक, त्यामुळे ती ‘स्वयंभू’, म्हणजे जनक नसलेली, ठरत नाही. पुढे ९ मिळवा: ४४००१०. हा दक्षिण अंबाझरी मार्गावरच्या व्हीएनआयटीचा पिन कोड! जीपीओच्या आकड्यातून एका पावलात अभियांत्रिकी महाविद्यालय गाठले जाते. ४४००१० देखील हर्षदच आहे.

कापरेकरांची प्रसिद्ध वजाबाकी, म्हणजे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करणे, चार अंकी संख्यांना ६१७४ वर नेऊन थांबवते. सगळे अंक सारखे असले तरच ती तिथे पोचत नाही. सहा अंकांत मात्र सगळ्या संख्या अशा एकाच जागी पोचत नाहीत. ४४१००० − ०००१४४ = ४४०८५६ पासून निघाले की ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ अशी वाट लागते आणि सातव्या वजाबाकीला ४२०८७६ येते. तिथून पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. सात संख्यांच्या या फेऱ्यातून ४४०००१ ची सुटका नाही.