आम्स्टेलचा गाइसब्रेख्त आणि त्याचे घराणे : एका खुनामागचा दोनशे वर्षांचा इतिहास

हॉलंडचा काउंट, म्हणजे तेथील सरंजामी अधिपती, फ्लोरिस पाचवा याला २३ जून १२९६ रोजी उट्रेख्तजवळ शिकारीच्या वेळी त्याच्याच सरदारांनी पकडले, आणि चार दिवसांनी माउडरबर्गजवळ त्याचा खून झाला. या कटातील प्रमुख नावांपैकी एक म्हणजे आम्स्टेलचा सरदार गाइसब्रेख्त चौथा. पुढच्या शतकांत कोणी त्याला विश्वासघातकी ठरवले, तर कोणी त्याला ॲम्स्टरडॅमचा दुर्दैवी रक्षक म्हणून गौरवले. हे दोन्ही निवाडे बाजूला ठेवून त्याच्या घराण्याची हकीकत पाहिली, तर १२९६ची घटना एकाएकी घडलेली नाही हे ध्यानात येते.

हे घराणे मुळात हॉलंडचे नव्हते. आम्स्टेल नदीकाठचा दलदलीचा प्रदेश उट्रेख्तच्या बिशपच्या सत्तेखाली होता आणि तेथील कारभार पाहण्यासाठी बिशपने नेमलेला वोल्फखेर हा या घराण्याचा पहिला ज्ञात पुरुष ११०५च्या एका दस्तऐवजात आढळतो. अशा सेवकवर्गातील माणसे कायद्याने पूर्णतः स्वतंत्र नसत. ती बिशपची चाकर असत. मात्र दलदलीतून शेतजमीन काढली जाऊ लागली, वस्ती वाढली, पाण्याचा आणि न्यायदानाचा कारभार एकाच कुटुंबाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राहिला, आणि नेमणुकीचे पद पाहता पाहता वतन झाले. तेराव्या शतकात हे चाकर स्वतःला आम्स्टेलचे धनी म्हणवू लागले होते. बिशपला हे सहन होण्यासारखे नव्हते. गाइसब्रेख्त तिसऱ्याशी झालेल्या संघर्षानंतर बिशप हेन्ड्रिकने फेख्त नदीच्या काठी फ्रेलांडचा किल्ला बांधला, तो या घराण्याला धाकात ठेवण्यासाठीच.

गाइसब्रेख्त चौथ्याचा जन्म १२३५च्या सुमाराचा. वडिलांकडून त्याला वाढती सत्ता मिळाली, तसे दोन बलाढ्य शेजारीही मिळाले : पूर्वेला बिशप आणि पश्चिमेला हॉलंडचा काउंट. त्याची पत्नी योहाना ही फान डेर लेडे घराण्यातील. भाऊ आर्नाउड लढाईत त्याच्या बरोबरीने उभा राहिला, आणि वूर्डनचा सरदार हर्मन हा त्याचा सोयरा होता. ही नाती नुसती घरगुती नव्हती, कारण त्या काळी सैन्य, तारण आणि तह हे सारे सोयरिकीच्या धाग्यांनीच बांधलेले असे.

१२७४ साली केनेमरलांडचे शेतकरी सरदारवर्गाविरुद्ध उठले, तेव्हा गाइसब्रेख्त सरदार असूनही त्यांच्या बाजूने गेला. त्यामागे शेतकऱ्यांविषयीचा कळवळा किती आणि काउंटला व बिशपला एकाच वेळी कमजोर करण्याची संधी किती, याचे उत्तर माझ्या मते दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. या धामधुमीनंतर, २७ ऑक्टोबर १२७५ रोजी, फ्लोरिसने आम्स्टेलच्या बंधाऱ्याजवळ राहणाऱ्या लोकांना आपल्या मुलखात जकात माफ केली. काउंटच्या माणसांकडून त्यांचे जे नुकसान झाले होते, त्याची ती भरपाई होती. ॲम्स्टरडॅमचा, म्हणजे आम्स्टेलवरच्या या बंधाऱ्याच्या (डॅमच्या) गावाचा, पहिला लेखी उल्लेख याच सनदेत आहे आणि शहर आपला वाढदिवस त्याच तारखेला धरते. या सनदेचे राजकारण मात्र सहसा सांगितले जात नाही. बंधारा गाइसब्रेख्तच्या मुलखात होता, मुलूख नावाला बिशपचा होता, आणि सवलत देत होता तिसराच. फ्लोरिसने तेथील रहिवाशांशी थेट संबंध जोडला आणि त्यांच्या धन्याला वगळले.

पुढची ठिणगी कर्जातून पडली. बिशपच्या गादीवर असलेला नासाउचा यान कर्जबाजारी झाला आणि त्याने फ्रेलांड गाइसब्रेख्तकडे, तर मोन्टफोर्ट हर्मनकडे गहाण ठेवले. ज्या किल्ल्याने आम्स्टेलकरांना धाक घालायचा, तोच त्यांच्या हाती आला. ते किल्ले परत मिळवण्यासाठी बिशपने फ्लोरिसला हाक दिली. १२८०च्या लढाईत गाइसब्रेख्त पकडला गेला, फ्रेलांड पडले, आणि त्याला पाच वर्षे कैदेत काढावी लागली. १२८५मध्ये सुटका झाली ती जबर अटींवर : काही जमीन कायमची गेली, आणि उरलेली त्याला फ्लोरिसचा मांडलिक म्हणून जहागिरीच्या रूपाने स्वीकारावी लागली. याच सुमारास फ्लोरिसने फेख्तच्या मुखाशी माउडरस्लॉट हा किल्ला उभारला. त्यानंतर गाइसब्रेख्त काउंटच्या दरबारात वावरत राहिला, पण दोन पिढ्यांनी मिळवलेले स्वातंत्र्य गेल्याची सल इतक्या लवकर मिटणारी नव्हती.

१२९६च्या जानेवारीत फ्लोरिसने इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याला सोडून फ्रान्सशी हातमिळवणी केली, आणि दुखावलेल्या सरदारांना परदेशी पाठबळ मिळाले. बेत होता फ्लोरिसला पकडून समुद्रापार नेण्याचा आणि इंग्लंडच्या दरबारात वाढलेल्या त्याच्या मुलाला गादीवर बसवण्याचा. कैद्याला माउडरस्लॉटमध्ये ठेवले गेले. आसपासचे लोक त्याला सोडवायला जमू लागले, तेव्हा त्याला तेथून हलवताना कटातलाच एक सरदार खेरार्ड फान फेल्सन याने त्याच्यावर घाव घातले. खेरार्ड पकडला जाऊन लायडनमध्ये मारला गेला. गाइसब्रेख्त आणि हर्मन परागंदा झाले. गाइसब्रेख्तची मालमत्ता जप्त झाली आणि १३०३च्या सुमारास तो परमुलखातच वारला.

१३०४ साली त्याचा मुलगा यान फ्लेमिश (फ्लँडर्सच्या) सैन्याच्या आधाराने ॲम्स्टरडॅममध्ये परतला. गावाने त्याला आत घेतले, लाकडी तटबंदी उभारली, आणि सुमारे वर्षभर तग धरला. अखेर यानला पळावे लागले. योस्ट फान डेन फॉन्डेल या कवीने पुढे ही लढाई मुलाकडून काढून बापाच्या नावावर केली. ३ जानेवारी १६३८ रोजी ॲम्स्टरडॅमचे नवे नाट्यगृह त्याच्या ‘गाइसब्रेख्त फान आम्स्टेल’ या नाटकाने उघडले, आणि १९६८पर्यंत नववर्षाच्या सुमारास ते शहरात होत राहिले. लोकमनातला गाइसब्रेख्त या नाटकाने घडवला आहे, आणि त्यात यानवर अन्याय झाला आहे असे मला मनापासून वाटते.

घराण्याची खरी टिकलेली शाखा आर्नाउडची. त्याचा मुलगा गाइसब्रेख्त आयसेलस्टाइनचा धनी होता. खुनानंतरच्या धरपकडीत तो कैदेत पडला, तेव्हा त्याची पत्नी बेर्ट्राडे हिने आयसेलस्टाइनचा किल्ला जवळजवळ वर्षभर लढवला. या कुळाची वारस गयोटे एग्मोन्ड घराण्यात दिली गेली, आणि तिच्याच वंशातील आना फान एग्मोन्डने १५५१मध्ये ऑरेंजच्या विल्यमशी, म्हणजे पुढे डच स्वातंत्र्यलढ्याचा नेता झालेल्या सरदाराशी, लग्न केले. आनाचा मुलगा निपुत्रिक वारल्यावर आयसेलस्टाइन ऑरेंज घराण्याकडे राहिले, आणि नेदरलँड्सच्या विद्यमान राजाच्या बिरुदांत आयसेलस्टाइनचा बॅरन हे नाव अजूनही आहे.