चहूबाजूंनी सारखा दाब: घन पदार्थांच्या आकुंचनामागचा इतिहास

गोव्यात घर बांधायचं तर चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, आलाच. तो भिजवून दाबयंत्रात ठेवला की भारतीय मानक ३६२० प्रमाणे त्याने दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन भार सोसायला हवा. हा दाब साधारण ३५ वातावरणांएवढा झाला. भार चिऱ्याच्या ताकदीपलीकडे गेला की कडा सुटतात, तिरक्या भेगा जातात आणि खाली लाल भुगा उरतो. तोच ओला चिरा दोरीला बांधून समुद्रात ३५० मीटर खोल सोडला, तर तिथेही ३५ वातावरणांचाच दाब असतो. वर ओढला की चिरा मात्र धड येतो. यंत्रात दाब वरून आणि खालून येतो, बाजू मोकळ्या राहतात. समुद्रात तो सगळीकडून सारखा येतो आणि चिऱ्याच्या भोकांतही तेवढ्याच दाबाचं पाणी असतं. पहिल्या प्रकाराला चिरडणं म्हणावं, दुसऱ्याला आकुंचन. व्यवहारात दोन्हींना ‘दाबणं’ म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

घन पदार्थ किती आकुंचतो हे त्याच्या आकारमान मापांकावरून कळतं. मिठाचा मापांक सुमारे २४ गिगापास्कल, तांब्याचा १४० आणि हिऱ्याचा ४४० च्या आसपास आहे. एक गिगापास्कल म्हणजे जवळजवळ १०,००० वातावरणं. एवढ्या दाबाखाली मीठ घनफळात चार टक्के घटतं, तांबं पाऊण टक्क्याहून कमी आणि हिरा जेमतेम पाव टक्का. पुढे मात्र हा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. अणू जवळ येतील तसा पदार्थ अधिक ताठर होत जातो. हा ताठरपणा धरून मर्नाहन यांनी १९४४ मध्ये आणि बर्च यांनी १९४७ मध्ये मांडलेली, दाब आणि घनफळ यांचं नातं सांगणारी समीकरणं आजही रोज वापरात आहेत.

एकोणिसाव्या शतकात मोठी अडचण होती ती गळतीची. दाब मोजायला पाऱ्याचे उंचच उंच स्तंभ लागत. फ्रेंच शास्त्रज्ञ कायेते यांनी तर आयफेल टॉवरवर ३०० मीटरची नळी चढवली आणि ४०० वातावरणांपर्यंत मजल मारली. त्यांचेच देशबांधव आमागा ३,००० पर्यंत पोचले. त्यापुढे फटी बुजवणारं पॅकिंगच दगा देई.

ही कोंडी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांनी फोडली, १९०५ नंतरच्या थोड्याच वर्षांत. त्यांचा डट्टा छत्रीच्या अळंबीसारखा होता. डोकं द्रवाच्या बाजूला, आणि दांडा पॅकिंगच्या कड्यातून मागच्या मोकळ्या जागेत गेलेला. द्रव संपूर्ण डोक्यावर रेटतो, पण तो भार पेलायला दांड्याभोवतीचं लहानसं कडंच असतं. त्यामुळे पॅकिंगमधला दाब द्रवातल्या दाबापेक्षा कायम ठरावीक पटीने जास्त राहतो. द्रवाचा दाब वाढवला की पॅकिंग आपोआप आणखी घट्ट बसतं. दोष एकच: पॅकिंग दांड्याला इतकं आवळतं की तो मधेच बारीक होऊन तुटतो. तरीही गळती थांबली ती थांबलीच, आणि पुढची मर्यादा पोलादाच्या ताकदीची उरली.

या उपकरणांतून नुसतं आकुंचनच दिसलं नाही, पदार्थांची रचनाही बदलताना दिसली. १९१४ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसपासून काळा फॉस्फरस तयार झाला. बिस्मथची रचना २.५५ गिगापास्कलला बदलते. ती खूण पुढे दाबमापकं तपासायला सर्रास वापरली गेली. नमुना मधे धरून दाबणाऱ्या, टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या ऐरणी आल्यावर ब्रिजमन १ लाख वातावरणांपर्यंत गेले. १९४६ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

हिऱ्याची ऐरण आली १९५८-५९ च्या सुमारास, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत. सुरुवातीचे हिरे सरकारने तस्करांकडून जप्त केलेले होते. जप्तीच्या मालाचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल. युक्ती साधी आहे: क्षेत्रफळ लहान केलं की थोडकं बळ पुरतं. ०.३ मिलिमीटर व्यासाच्या टोकावर ७२ किलो वजन म्हणजे हिशेबाने १० गिगापास्कल.

दोन हिऱ्यांमध्ये नुसता नमुना ठेवला तर दाब मधोमध जास्त आणि कडेला नगण्य राहतो, म्हणजे पुन्हा चिऱ्याचीच गत. म्हणून मधे धातूचं गॅस्केट घालतात. पाव मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा हिऱ्यांनीच दाबून ५० मायक्रॉनच्या आसपास आणायचा आणि खळग्याच्या मध्यावर १०० ते १५० मायक्रॉनचं भोक पाडायचं. त्यात नमुना, दाब मोजायला माणकाचा कण आणि दाब सगळीकडे सारखा पोचवणारं माध्यम म्हणून मेथॅनॉल-एथॅनॉलचं ४:१ मिश्रण. मिश्रण पटकन उडून जातं, त्यामुळे सेल, म्हणजे हिऱ्यांचा हा सगळा साचा, मिटताना हात चटपटीत हवा. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे पिळायचे. भोक मध्यापासून सरकलेलं असेल तर ते एका बाजूला ओघळतं आणि नमुना निसटतो. नमुना जाड असून दोन्ही हिऱ्यांना टेकला तर भार त्याच्यावरच येतो आणि हिरा जाऊ शकतो. १० गिगापास्कलच्या पुढे मिश्रणच गोठतं आणि सारखेपणा ढळतो.

माध्यम म्हणून कोरडं मीठही चालतं. ते मऊ असतं, क्ष-किरणांत ओळखू येतं आणि त्याच्या आकुंचनावरून दाब काढता येतो. ३० गिगापास्कलला मिठाचं घनफळ एक तृतीयांशाहून थोडं अधिक घटलेलं असतं, आणि तिथेच त्याच्या अणूंची जाळी बदलते: सहा शेजाऱ्यांचा अणू आठ शेजाऱ्यांचा होतो. दाब काढला की पूर्ववत. गोव्याच्या पावसाळ्यात मात्र मीठ उघडं ठेवायची सोय नाही. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की ते पाणी धरतं, आणि भोकात पाणी गेलं की दाबाखाली बर्फही होतो आणि मापात घोळ होतो. भट्टीतून काढलेलं मीठ थेट ओलावा शोषणाऱ्या पदार्थाच्या बरणीत ठेवायचं.

१९७२ पासून रोजचं माप माणकाच्या चमकेवर आलं. तिची ६९४.२ नॅनोमीटरची रेषा दर गिगापास्कलला ०.३६५ नॅनोमीटर तांबड्याकडे सरकते. पण ती तापमानानेही सरकते: वीज जाऊन वातानुकूलन बंद पडलं आणि खोली सहा अंशांनी तापली, तर ०.१ गिगापास्कलचा खोटा दाब दिसतो.

गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या खाणींतलं हेमेटाइट हे लोहखनिजही असंच दाबून पाहिलेलं खनिज आहे. जवळजवळ ५० गिगापास्कलला, म्हणजे पृथ्वीत १,२०० किलोमीटर खोल असतो तेवढ्या दाबाला, त्याचं घनफळ सुमारे दहा टक्क्यांनी एकदम घसरतं आणि ते धातूसारखी वीज वाहू लागतं. असा आकडा वाचताना माध्यम कोणतं होतं ते शेजारी पाहावं. ताठर माध्यमात दाब सगळीकडे सारखा नसतो, माणकाच्या रेषा पसरतात आणि तोच बदल दुसऱ्याच दाबाला नोंदला जातो.