पाण्याला ओढणारा, पण पाण्यात न विरघळणारा लेप

गरम चहाच्या कपावर चष्मा धरला, की काच पाहता पाहता पांढुरकी होते. भिंगातून निरखले तर त्या जागी घुमटासारखे असंख्य बारीक थेंब दिसतात. पाणी पारदर्शकच असते, पण प्रत्येक थेंबाच्या वक्र पृष्ठभागावर प्रकाश वेगळ्या दिशेला वळतो आणि समोरचे दृश्य पुसट होते. आता त्याच काचेच्या अर्ध्या भागावर साबणाचे बोट फिरवून तो मऊ कापडाने हलकेच पुसावा आणि चष्मा पुन्हा वाफेवर धरावा. तेवढा भाग स्वच्छ राहतो. पाणी तिथेही जमते, मात्र थेंब न होता पातळ, सपाट पडदा होऊन पसरते.

साबणाचा हा उपाय अंतराळातही वापरला गेला. ५ जून १९६६ रोजी अमेरिकेच्या जेमिनी-९ए यानाबाहेर काम करताना अंतराळवीर यूजीन सर्नन यांच्या शिरस्त्राणाची काच श्रमाने सुटलेल्या घामाच्या वाफेमुळे इतकी धुरकटली, की त्यांना नाक घासून पाहण्यापुरती जागा करावी लागली. पुढील मोहिमांत काचेला आतून साबणासारखे द्रावण लावले जाऊ लागले. एप्रिल २००१ मध्ये अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड यांच्या डोळ्यांत असेच द्रावण गेले आणि अंतराळात काम करत असतानाच त्यांना काही काळ दिसेनासे झाले. नुसता पुसून लावलेला थर पाण्याबरोबर सुटून येतो, ही त्याची मूळ उणीव आहे.

म्हणून काच धुरकटू न देणाऱ्या टिकाऊ लेपासाठी संशोधकांनी पाण्याची ओढ असलेल्या बहुवारिकांकडे, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंनी बनलेल्या जलस्नेही पॉलिमरकडे लक्ष वळवले. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या लांब साखळीत दर दुसऱ्या कार्बन अणूवर एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन व हायड्रोजनची जोडी) असतो आणि तो पाण्याच्या रेणूशी हायड्रोजन बंध, म्हणजे हलक्या ओढीचे नाते, जोडतो. अशा पॉलिमरच्या लेपावर वाफ आली, की तिचे रेणू थेंब बनण्याआधीच साखळ्यांमध्ये मुरतात. लेप पाण्याने तृप्त झाल्यावर मात्र पुढचे पाणी पृष्ठभागावरच राहते. ते पडद्यासारखे पसरले तरच काच स्वच्छ दिसते.

या संशोधनातला खरा पेच, माझ्या मते, इथेच आहे: ज्या गुणामुळे लेप पाण्याला ओढतो, त्याच गुणामुळे तो पाण्यात फुगतो, मऊ पडतो आणि शेवटी विरघळतो. यावरचा मार्ग म्हणजे साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी जोडून त्यांचे जाळे करणे. १९६० मध्ये प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी अशाच जाळ्याच्या जलस्नेही पदार्थाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यातूनच डोळ्यांत घालायची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स जन्माला आली. तिच्या वजनात सुमारे ३८ टक्के पाणी असते, तरी ती विरघळत नाही.

परंतु आडवे बंध फार झाले, तर साखळ्यांना हलायला आणि पाण्याला शिरायला जागा उरत नाही व काच पुन्हा धुरकटते. कमी पडले, तर ओल्या लेपावर नखाचाही ओरखडा उठतो. त्यामुळे दोन जाळी एकमेकांत गुंफण्याची युक्ती मला सर्वांत आश्वासक वाटते: एक कठीण, आकार धरून ठेवणारे, आणि दुसरे तहानलेले. कठीणपणासाठी सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचे, अतिसूक्ष्म कणही मिसळले जातात.

लेप काचेला धरून राहणे हाही तितकाच अवघड भाग आहे, कारण पाणी पिऊन लेप फुगतो, खालची काच मात्र तसूभरही हलत नाही, आणि या ताणाने तो कडेने सुटू लागतो. यासाठी सिलेन या सिलिकॉनयुक्त वर्गातील संयुगे वापरतात. त्यांचे एक टोक काचेशी आणि दुसरे पॉलिमरच्या जाळ्याशी रासायनिक बंधाने जोडले जाते. प्लॅस्टिकवर आधी वेगळा अस्तर-थर द्यावा लागतो.

संरक्षक चष्म्यांच्या २००१ च्या युरोपीय मानकातील (EN 166) चाचणीत भिंग ५० अंश सेल्सिअसच्या पाण्याच्या वाफेवर धरतात आणि ते किमान ८ सेकंद स्वच्छ राहावे अशी अट असते. टिकाऊपणाचा कस मात्र लेप घासून, भिजवून, सुकवून तीच चाचणी पुन्हा घेतल्यावर लागतो. पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत थंड भिंग ३७ अंशांच्या दमट पोकळीत शिरताच धुरकटते, म्हणून शल्यचिकित्सक ते कोमट सलाइनमध्ये बुडवतात किंवा त्याला द्रावण लावतात. त्या भिंगावरील कायमच्या लेपाला रक्त आणि चरबी तर सोसावी लागेलच, शिवाय जी उपकरणे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करतात, त्यांच्यावर दर वेळी १२० अंशांहून अधिक तापमानाची वाफही झेलावी लागेल.