स्टॉकफिश डाउनलोड केलं, पण पट कुठे आहे?

स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे खेळी शोधणारा प्रोग्राम. त्याची झिप उघडून आतल्या फाइलवर दोनदा क्लिक केलं की एक काळी खिडकी येते. वर आवृत्तीचं नाव, खाली लुकलुकणारा कर्सर, बाकी काही नाही. बरेच जण इथेच फाइल बिघडलेली समजून ती पुसून टाकतात. पण इंजिन असंच दिसतं. त्याला फक्त मजकूर वाचता येतो आणि मजकूर लिहिता येतो. त्याच खिडकीत इंग्रजी छोट्या अक्षरांत 'गो डेप्थ २०' टाइप करून एंटर दाबा. आकड्यांच्या ओळी धावतील आणि शेवटी 'बेस्टमूव्ह'पुढे खेळी येईल.

पट, सोंगट्या, घड्याळ, डाव साठवणं हे सगळं दुसऱ्याच प्रोग्रामचं काम. त्याला जीयूआय म्हणतात. अरेना, स्किड व्हर्सेस पीसी, एन क्रॉसाँ, लुकास चेस ही त्यातली फुकट मिळणारी नावं. पट दाखवणाऱ्याला सहसा स्वतःला विचार करता येत नाही, विचार करणाऱ्याला पट दाखवता येत नाही. दोघांमधल्या संभाषणाची पद्धत म्हणजे यूसीआय. ती २००० साली स्टेफान मायर-कालेन आणि रुडॉल्फ हुबर यांनी ठरवली. म्हणूनच यूसीआय समजणारं कुठलंही इंजिन यूसीआय समजणाऱ्या कुठल्याही पटाला जोडता येतं. नवीन स्टॉकफिश आलं की फक्त इंजिन बदलायचं, पट तोच राहतो.

घोळ होतो तो बिघाड कुणाचा हे ओळखताना.

इंजिन सुरूच होत नसेल, तर बहुधा चुकीची फाइल घेतलेली असते. स्टॉकफिश प्रोसेसरनुसार वेगवेगळ्या फाइलींत मिळतं. एव्हीएक्स२ हा प्रोसेसरच्या सूचनांचा एक संच; त्याची फाइल गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक संगणकांवर चालते. जुन्या प्रोसेसरला त्या सूचनाच कळत नाहीत आणि खिडकी उघडताक्षणी मिटते. तिथे एसएसई४१-पॉपसीएनटी घ्यावी. एएमडीच्या झेन ३च्या आधीच्या प्रोसेसरवर बीएमआय२ या दुसऱ्या संचाची फाइल चालते, पण मंद. तिथेही एव्हीएक्स२च बरी.

कालपर्यंत चालणारं इंजिन आज सापडत नाही, ही तक्रार मात्र पटाकडची. जीयूआय इंजिनची प्रत करत नाही, फक्त पत्ता लक्षात ठेवतो. डाउनलोड्स फोल्डर साफ केलं की इंजिनही जातं. आधी झिप नीट उलगडून इंजिनसाठी कायमचं एक फोल्डर करावं, मगच ते जोडावं.

'फार हळू चालतंय' यात सहसा दोष कुणाचाच नसतो. स्टॉकफिशमध्ये मुळात थ्रेड्स (एकाच वेळी चालणारी कामं) १ आणि हॅश (तपासलेल्या स्थिती साठवायची मेमरी) १६ एमबी असतं, आणि बरेच जीयूआय ते तसंच ठेवतात. चार कोअर आणि ८ जीबी रॅम असेल तर थ्रेड्स ३, हॅश १०२४ करावं. एक कोअर पटासाठी मोकळा राहू द्यावा. हॅश मोकळ्या रॅमपेक्षा मोठं केलं तर विंडोज डिस्कवर लिहायला लागतं आणि वेग उलट कोसळतो. मल्टीपीव्ही ३ केलं की तीन पर्यायी खेळ्या दिसतात, पण तेवढ्याच वेळात गाठलेली डेप्थ, म्हणजे किती खेळ्या पुढचं पाहिलं ते, कमी होते. डाव तपासताना २ पुरे.

आकड्याची गंमत वेगळीच. यूसीआयनुसार इंजिन गुण सांगतं ते ज्याची खेळी आहे त्याच्या बाजूने. काही जीयूआय तो आकडा पांढऱ्याच्या बाजूने वळवून दाखवतात, काही दाखवत नाहीत. त्यामुळे काळ्याची खेळी असताना तीच स्थिती एकीकडे +०.६०, तर दुसरीकडे −०.६० दिसते. आणि +१ म्हणजे एका प्याद्याची आघाडी, हा हिशेबही आता स्टॉकफिशला लागू नाही. १५.१ या आवृत्तीपासून +१ म्हणजे तोडीस तोड प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता ५० टक्के.

सुरुवातीच्या खेळ्यांचं ओपनिंग बुक पटाकडे द्यायचं असतं, कारण स्टॉकफिशमध्ये ते नाही. सिझिगीचे अंतिम डावांचे तक्ते (थोड्याच सोंगट्या उरल्यावरचे अचूक निकाल) मात्र इंजिनच्या सेटिंगमध्ये जोडायचे. पाच सोंगट्यांपर्यंतचे साधारण १ जीबी, सहापर्यंतचे १५० जीबीच्या आसपास. घरच्या वापराला पाच खूप झाले.

मग निवडायचं काय? इंजिनात डोकं खपवू नका. घरी कुणालाही हरवायला स्टॉकफिश पुरून उरतं. लीला हे दुसरं इंजिन ग्राफिक्स कार्ड असलं तरच खुलतं. खरी निवड पटाची. नवख्याने एन क्रॉसाँ घ्यावा, त्यात इंजिन आतूनच डाउनलोड करता येतं. स्वतःचे शेकडो डाव साठवून शोधायचे असतील तर दिसायला रूक्ष असला तरी स्किड व्हर्सेस पीसी. दोन इंजिनांची आपसात झुंज लावायची हौस असेल तर अरेना. तो फुकट आहे, मुक्तस्रोत नाही.

मुलांना सराव द्यायचा असेल तर लुकास चेस, कारण त्यात कच्च्यापासून पक्क्यापर्यंत डझनावारी इंजिनं सोबतच येतात. स्टॉकफिशलाही यूसीआय-एलो या ताकदीच्या सेटिंगने १३२० पर्यंत खाली आणता येतं, पण मग ते अचूक खेळता खेळता मध्येच विनाकारण मोहरा देऊन टाकतं. माणसासारख्या चुका हव्या असतील तर लीलामध्ये माया नावाची नेटवर्क फाइल घालून नोड्स (एका खेळीसाठी तपासायच्या स्थिती) १ वर मर्यादित करावेत. त्याला ग्राफिक्स कार्डही लागत नाही. नोड्स वाढवले की मात्र मायाचा खेळ माणसासारखा राहत नाही.