बायोस फाइल तपासणी (रेट्रो कन्सोल एम्युलेशन)

जुन्या गेम कन्सोलमधल्या एका छोट्या रॉम चिपमध्ये मशीन चालू करणारा प्रोग्राम असतो, त्याला बायोस म्हणतात, आणि एम्युलेटरला, म्हणजे कॉम्प्युटरवर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला, दिलेली त्याची कॉपी पूर्ण नि बिनचूक आहे ना हे बघणं म्हणजे बायोस तपासणी. एनईएस किंवा मेगा ड्राइव्हच्या कार्ट्रिज गेमचं बायोसवाचून काही अडत नाही, पण प्लेस्टेशन, सॅटर्न, सेगा सीडी अशा सीडीवाल्या मशीनचं घोडं बऱ्याचदा इथेच अडतं. स्क्रीन काळी राहते आणि लोक गेमच्या फाइलला दोष देत बसतात, खरं तर सगळ्यात आधी बायोस बघायला हवा.

फाइलच्या नावावर विसंबू नये, नाव कोणीही बदलू शकतं. आधी साइज बघायची, प्लेस्टेशन १ चा बायोस बरोब्बर ५,२४,२८८ बाइट्स म्हणजे ५१२ केबी आणि गेमबॉय ॲडव्हान्सचा १६,३८४ बाइट्स, एक बाइट जरी कमीजास्त असला तरी कॉपी नीट निघालेली नाही.

साइज जुळली तरी आतला एखादा बाइट बिघडलेला असू शकतो, म्हणून हॅश, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बाइट्सवरून गणिताने निघणारी अक्षर-अंकांची खूण, काढायचा आणि चांगल्या कॉपीच्या हॅशशी जुळवायचा. हॅशचे प्रकार असतात, सीआरसी३२ म्हणजे ८ अक्षरं, एमडी५ ची ३२, शा-१ ची ४०, आणि आत एक बिट जरी बदलला तरी अख्खा हॅश बदलतो. गेमबॉय ॲडव्हान्सच्या बायोसचा एमडी५ ए८६० ने सुरू होऊन ई४एफ६ वर संपतो, पण नुसती दोन टोकं बघून थांबू नका, पूर्ण ३२ अक्षरं जुळवा. एमडी५ डी४१डी८सीडी असा सुरू होणारा आला तर समजा फाइल शून्य बाइट्सची, साफ रिकामी आहे. लिनक्सवर एमडी५सम कमांड पुरते, विंडोजच्या पॉवरशेलमधली गेट-फाइलहॅश मात्र वेगळं काही सांगितलं नाही तर शा-२५६ देते, ६४ अक्षरांचा, तो एमडी५ शी कधीच जुळणार नाही आणि चांगली फाइल उगाच खराब ठरते. झिपचा हॅश काढला तरी हेच होतं, आतली फाइल बाहेर काढून घ्या.

हॅश जुळूनही एम्युलेटर फाइल नाही म्हणत असेल तर नाव बघा, लिनक्सवर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतात. रीजनही बघा, म्हणजे बायोस जगाच्या कुठल्या भागातल्या कन्सोलचा आहे ते, प्लेस्टेशनचा ५५०० नंबरच्या मॉडेलचा बायोस जपानचा, ५५०१ उत्तर अमेरिकेचा, ५५०२ युरोपचा, तिघांचे हॅश वेगळे.

बायोसवर कंपनीचा कॉपीराइट असतो, म्हणून स्वतःच्या कन्सोलमधून काढलेली कॉपीच वापरावी असं सांगितलं जातं, आणि तपासणी खरी लागते ती तिथेच, कारण घरी डंप करताना, म्हणजे चिपमधला प्रोग्राम फाइलमध्ये उतरवून घेताना, वाचनात चूक झाली तर ती डोळ्यांना दिसत नाही. लागोपाठ दोनदा डंप करून दोन्हींचे हॅश आपसात जुळवून बघा, वेगळे आले तर कनेक्शन ढिलं असण्याचीच शक्यता जास्त.