शिकवलेला स्पॅम फिल्टर: कोणाबरोबर वाटून घ्यायचा?

ऑफिसात नवा माणूस रुजू झाला की त्याच्या इनबॉक्समध्ये पहिले काही आठवडे स्पॅमचा सुळसुळाट असतो, कारण त्याचा फिल्टर कोरा असतो. आम्ही आपल्या मेलसाठी स्पॅमअसॅसिन हा स्पॅम गाळणारा प्रोग्रॅम वापरतो. त्यातला शिकणारा भाग किमान 200 स्पॅम आणि 200 चांगल्या मेल पाहिल्याशिवाय मतच देत नाही. म्हणून बरेच ग्राहक विचारतात, जुन्या माणसाने शिकवलेला डेटा नव्याला देता येईल का? येतो. मात्र तो कोणाचा द्यायचा, हे नीट ठरवावं लागतं.

हा फिल्टर शब्द मोजतो: कोणता शब्द स्पॅममध्ये किती वेळा आला, चांगल्या मेलमध्ये किती वेळा. नौपाड्यातल्या सीएकडे 'लोन', 'रिफंड', 'नोटीस' हे रोजचे शब्द. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपला याच शब्दांच्या मेल येतात त्या बहुतेक फसव्या. वर्कशॉपचा डेटा सीएला दिला, तर अशिलाची मेल जंकमध्ये पडून राहील आणि रिटर्नची मुदत उलटेपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. चुकून आलेला स्पॅम क्षणात डिलीट होतो, हरवलेल्या मेलपायी गिऱ्हाईक जातं. त्यामुळे एका ग्राहकाचा डेटा आम्ही दुसऱ्याला देत नाही. एकाच ऑफिसात, सारखं काम करणाऱ्यांमध्येच तो वाटतो.

'माझ्या मेल इतरांना दिसतील का?'

नाही. डेटाबेसमध्ये मेल नसतात, मोजणी असते, आणि शब्दांच्या जागी त्यांचे हॅश, म्हणजे शब्दावरून गणिताने काढलेले सांकेतिक आकडे असतात. तरीही अमुक शब्द त्यात आहे का, हे जाणकाराला ताडून पाहता येतं. डेटा ऑफिसाबाहेर न देण्याचं हेही एक कारण. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फिल्टरचा डेटा 'ट्रेनिंग डॉट डॅट' फाइलमध्ये असतो, तिच्यात तर शब्द सरळ वाचता येतात. ती पेन ड्राइव्हवरून कोणाला देऊ नका.

डेटा एकत्र झाला की एकाने दाबलेलं 'स्पॅम' किंवा 'नॉट स्पॅम' बटण सगळ्यांना लागू होतं. स्वतः सुरू केलेल्या जाहिरातींचा कंटाळा आला, तर त्या अनसबस्क्राइब करा, स्पॅम म्हणू नका. आणि जंकमध्ये कामाची मेल दिसली की 'नॉट स्पॅम' जरूर दाबा. चांगल्या मेल ओळखायला फिल्टर त्यातूनही शिकतो, आणि नेमकं हेच काम सगळे विसरतात.

नव्या माणसासाठी डेटा हवा असेल, तर त्याचं काम ऑफिसात कोणासारखं आहे तेवढं कळवा. सहकाऱ्याच्या डेटाचा बॅकअप नव्याकडे भरताना नव्याचा आधीचा डेटा पुसला जातो, म्हणून तो असेल तर आम्ही आधी जपून ठेवतो.