बुचं किनाऱ्यावर, बाटल्या तळाशी

पावसाळा संपत आला की कोकणातल्या कुठल्याही पुळणीवर भरतीरेषेच्या कडेने चालून बघा. काटक्या, नारळाची सोडणं आणि वाळलेलं शेवाळ यांच्या पट्ट्यात पाण्याच्या बाटल्यांची बुचं भरपूर दिसतात. बाटल्या मात्र त्या मानाने कमी. दुकानातून निघताना प्रत्येक बाटलीबरोबर एकच बूच निघालं होतं, मग बाकीच्या बाटल्या गेल्या कुठे?

उत्तर घनतेत आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्याचं वजन साधारण १.०२५ किलो भरतं. बूच असतं पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिथिलीनचं. दोन्हींची घनता ०.९० ते ०.९७ च्या दरम्यान, म्हणजे पाण्यापेक्षा कमी, त्यामुळे ते तरंगत किनाऱ्याला लागतं. बाटली पेट (पीईटी) नावाच्या प्लॅस्टिकची असते आणि पेटची घनता १.३८ च्या आसपास असते. बूच घट्ट बसलेलं असेल तोवर आतली हवा तिला तरंगवते. ते निघालं, पाणी आत शिरलं, की बाटली तळाला जाते. पीव्हीसीचे तुकडे आणि नायलॉनची जाळी यांचंही तेच होतं. किनाऱ्यावर दिसतो तो तरंगणाऱ्या प्लॅस्टिकचा हिस्सा. बुडणारं प्लॅस्टिक समुद्राच्या आणि खाडीच्या तळाशी असतं, आणि काही काळाने तरंगणाऱ्यातलंही बरंचसं तिथेच जाऊन पोचतं. कोकणातल्या प्लॅस्टिकबद्दल बोलताना आपण पुळणीकडे बघतो आणि खाडीच्या गाळाकडे बघत नाही, ही मला फार मोठी चूक वाटते.

मोठ्या वस्तूचे बारीक तुकडे होतात कसे, ते आधी पाहू. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. प्लिमथ विद्यापीठातले रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आणि गाळात असे सूक्ष्म तुकडे आणि तंतू दाखवून दिले, तेव्हापासून हा शब्द रुळला. प्लॅस्टिकचा रेणू म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी. उन्हातले अतिनील किरण ही साखळी जागोजागी तोडतात, वस्तू पांढुरकी पडते, ठिसूळ होते, तिच्यावर बारीक भेगा पडतात. पाण्यात हे काम सावकाश चालतं, कारण तिथे थंडावा असतो आणि वर शेवाळाचा थर चढून ऊन अडतं. पुळणीवर मात्र एप्रिल-मेमध्ये वाळूवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. वर कडक ऊन, खाली तापलेली वाळू आणि दर भरतीला लाटांचं घासणं. पुळण म्हणजे प्लॅस्टिक दळणारी गिरणीच आहे. किनाऱ्यावर पडून राहिलेली पिशवी ‘नंतर उचलू’ म्हणून ठेवली, तर एक-दोन उन्हाळ्यांत ती उचलण्यासारखी राहतच नाही. हात लावला की चुरा होतो.

हे प्लॅस्टिक फक्त पर्यटक टाकून जातात, असा आपल्याकडे एक सोयीचा समज आहे. पर्यटक टाकतात, त्यात शंका नाही. पण कोकणातल्या गावात आणि बंदरात रोजच्या वापरात काय काय आहे ते बघा. पूर्वी पावसाळ्याआधी पडवीला माडाच्या झावळांची झापं बांधत, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्याही झापांनीच शाकारत. आता तिथे निळी ताडपत्री आली. तीही विणलेल्या पॉलिथिलीनचीच असते, आणि दोन-तीन हंगामांनंतर तिच्या पट्ट्या उकलून वाऱ्यावर उडायला लागतात. मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या फुटतात आणि त्यांचे साबुदाण्याएवढे पांढरे मणी कांदळवनात अडकून बसतात. खताच्या आणि सिमेंटच्या गोण्या आहेत, आणि कपडे धुतल्यावर पॉलिएस्टरमधून सुटणारे तंतू आहेत, जे सांडपाण्यातून थेट वहाळात आणि तिथून खाडीत उतरतात.

आणि दोर. हर्णै, मिरकरवाडा, साखरी नाटे, देवगड, मालवण, कुठल्याही जेटीवर जा, हिरव्या-निळ्या दोरांची वेटोळी पडलेली असतात. सुती आणि तागाचे दोर जाऊन पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन आणि नायलॉनचे दोर आले. ते कुजत नाहीत आणि भिजून जड होत नाहीत, म्हणून मच्छीमारांनी ते आनंदाने घेतले, आणि घेणं बरोबरच होतं. पण दोर ओढताना तो होडीच्या काठावर आणि कप्पीवर घासतो. प्लिमथच्याच संशोधकांनी २०२२ साली हे घासणं मोजलं. नवा किंवा वर्षभर वापरलेला दोर दर मीटरला सुमारे २० सूक्ष्म तुकडे सोडतो, दोन वर्षांचा जुना दोर सुमारे ७२०, आणि दहा वर्षांचा ७६० हून जास्त. म्हणजे पन्नास मीटर दोर एकदा आत ओढला, तर नव्यातून हजारभर आणि दोन वर्षांच्या जुन्यातून छत्तीस हजार. झीज वर्षागणिक सारखी वाढत जात नाही, दुसऱ्या वर्षाच्या सुमाराला ती एकदम उसळते. याचा दोष तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, किंवा खलाशांना देणं अन्यायाचं होईल, कारण चांगल्या दोराला पैसे पडतात आणि जुना दोर कामाला येतो तोवर कोण टाकेल? मच्छीमारांना डिझेलवर परतावा मिळतो, तसा जुना दोर आणि जुनं जाळं जमा केल्यावर नव्यासाठी काही परतावा मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता खाडीकडे वळू. सह्याद्री आणि समुद्र यांत इथे जेमतेम ५० ते ८० किलोमीटरचं अंतर, त्यामुळे वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, गड, कर्ली या सगळ्या नद्या आखूड आणि उताराच्या. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आठ महिने ओढ्याकाठी आणि पऱ्ह्याकाठी साठलेला कचरा पहिल्या मोठ्या पावसात एकदम खाली येतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा घराघरांतून आणि दुकानांतून जे वाहून गेलं, त्याची वाट वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीकडेच जाते. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या झाडांवर पिशव्या लटकलेल्या दिसतात. त्या निदान दिसतात तरी.

खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी खाऱ्याला भेटतं आणि तिथे एक महत्त्वाची गोष्ट घडते. नदीच्या गढूळ पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण सुटे सुटे तरंगत असतात. त्यांच्यावर सारखाच विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. पाण्यात मीठ मिसळलं की हा विरोध ढिला पडतो आणि कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात. प्लॅस्टिकचे बारीक तुकडे या पुंजक्यांत सापडतात आणि त्यांच्याबरोबर खाली बसतात. शिवाय पाण्यात पडलेल्या कुठल्याही तुकड्यावर काही दिवसांत जिवाणू आणि शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, पुढे त्यावर बारीक शिंपले बसतात, आणि मुळात हलका असलेला पॉलिथिलीनचा तुकडाही जड होऊन बुडतो. प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, असे तुकडे गिळतात आणि त्यांच्या विष्ठेबरोबर ते तळाशी जातात. कांदळवनाच्या मुळ्यांत पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ तिथेच थांबतो. ज्या गुणामुळे कांदळवन किनारा राखतं, त्याच गुणामुळे ते प्लॅस्टिकही साठवून ठेवतं.

गाळातून हे तुकडे शोधतात कसे, तेही बघण्यासारखं आहे. गाळाचा नमुना वाळवतात, चाळतात आणि मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळतात. लिटरभर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळलं की त्या द्रावणाची घनता १.२ होते. वाळू खाली बसते आणि पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन, नायलॉन वर येतात. पेट आणि पीव्हीसी मात्र तळाशीच राहतात. ती वर आणायची तर झिंक क्लोराइडचं जड द्रावण लागतं. मग हायड्रोजन पेरॉक्साइडने जैविक पदार्थ जाळून टाकतात, उरलेलं गाळणकागदावर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. प्लॅस्टिकचा तंतू ओळखू येतो: जाडी टोकापासून टोकापर्यंत एकसारखी, रंग सलग, आणि वनस्पतीच्या धाग्यात दिसतात तशा पेशी कुठेच नाहीत. शंका आली तर तापवलेली सुई जवळ नेतात. प्लॅस्टिक असेल तर तंतू आकसतो, वळतो, वितळतो. पक्की ओळख अवरक्त किरणांनी पटते, कारण प्रत्येक प्लॅस्टिक ते आपापल्या पद्धतीने शोषतं. हे सगळं करताना अंगावर सुती कोट हवा, कारण आपल्याच पॉलिएस्टरच्या शर्टाचा तंतू नमुन्यात पडायला वेळ लागत नाही. म्हणून दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवण्याआधी द्रावण कुठलं वापरलं आणि कितव्या मिलिमीटरपर्यंत मोजलं, ते आधी विचारावं.

मुंबईच्या चार किनाऱ्यांवर केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका चौरस मीटरमध्ये सरासरी ६९ च्या आसपास प्लॅस्टिकचे तुकडे मिळाले, त्यांतले सुमारे ४२ टक्के एक ते पाच मिलिमीटरचे होते. गोव्यात, दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी साळ नदीच्या मुखाशी पाणी, गाळ, मासे आणि शिंपल्यांतले जीव असं सगळंच तपासलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात या चारींतही मायक्रोप्लॅस्टिक सापडलं, आणि त्यात तंतूंचं प्रमाण मोठं होतं.

शिंपल्यांचं महत्त्व इथेच आहे. तिसऱ्या, कालवं, शिनाणे हे जीव पाणी गाळून पोट भरतात. एक मोठं कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं, आणि त्या पाण्यात जे असेल ते त्याच्या कल्ल्यांवर आणि पोटात जातं. मोठ्या माशाची आतडी आपण काढून टाकतो, त्यामुळे बांगड्याच्या किंवा सुरमईच्या तुकडीतून ताटात येणारं प्लॅस्टिक कमी असतं. तिसऱ्या, जवळा आणि सुकट मात्र आपण अख्खीच खातो. शिंपल्यातले जीव स्वच्छ समुद्रपाण्यात ठेवले तर पोटातल्या प्लॅस्टिकचा काही भाग बाहेर पडतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. कोकणातल्या बायका तिसऱ्या पाण्यात ठेवून त्यांना वाळू टाकू देतात, त्या सवयीचा इथेही थोडा उपयोग होतो.

यावरून कुणी तिसऱ्या खायचं सोडावं, असं मी म्हणणार नाही. ओहोटीला कमरेएवढ्या चिखलात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचं पोट त्यावर आहे, आणि प्लॅस्टिक श्वासातून आणि पिण्याच्या पाण्यातूनही आपल्या शरीरात जातच असतं. पण हा प्रश्न हलका नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी २०२४ साली मानेच्या रोहिणीत साठलेल्या मेदाच्या थरात प्लॅस्टिकचे कण शोधले. ज्या रुग्णांत ते सापडले, त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचं प्रमाण, ते न सापडलेल्यांच्या तुलनेत, साडेचार पट होतं. कारण प्लॅस्टिकच, असं यावरून सिद्ध होत नाही. तरीही सांडपाणी तसंच खाडीत सोडणाऱ्या प्रत्येक गावाने आणि शहराने हा निष्कर्ष वाचायला हवा.

कोकणाच्या किनाऱ्याला परक्या ठिकाणचं प्लॅस्टिकही लागतं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो: नैर्ऋत्य मोसमी पावसात तो दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ हे ६४० कंटेनर लादलेलं मालवाहू जहाज कोचीजवळ बुडालं आणि त्यातले प्लॅस्टिकचे दाणे केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि पुढे तमिळनाडूपर्यंत पोचले. डाळीएवढा हा दाणा म्हणजे कारखान्यात वितळवून वस्तू बनवण्याचा कच्चा माल. हाच अपघात डिसेंबरात झाला असता, तर प्रवाहाचं तोंड कर्नाटक, गोवा आणि सिंधुदुर्गाकडे असतं. असे दाणे गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्यात येऊन पडतात, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदलेलं आहे. जपानमधल्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं, की पीसीबीसारखी विषारी रसायनं अशा दाण्यांवर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा लाखो पटींनी जास्त साठू शकतात. पिवळा पडलेला जुना दाणा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

किनारा-स्वच्छतेच्या मोहिमा आपल्याकडे उत्साहाने होतात, पण बऱ्याचदा सणावाराच्या किंवा एखाद्या दिवसाच्या निमित्ताने. पुळणीचं स्वतःचं वेळापत्रक वेगळं आहे. पावसाळ्यातल्या उधाणांत लाटा वाळू ओढून नेतात, पुळण अरुंद आणि उताराची होते. पाऊस गेल्यावर लाटा शांत होतात आणि तीच वाळू थराथराने परत येते. भरतीरेषेवर पडलेले तुकडे तोवर उचलले नाहीत तर ते त्या थरांखाली गाडले जातात. म्हणजे पहिली उचल मेअखेरीस, नद्यांच्या आणि वहाळांच्या काठाने, पहिला मोठा पाऊस येण्याआधी. बंदरांतही पावसाळी मासेमारीबंदीमुळे १ जूनपासून होड्या किनाऱ्याला असतात, जुने दोर आणि जाळी गोळा करायला तेव्हा हात मोकळे असतात. दुसरी उचल सप्टेंबरअखेरीस, वाळू परतायच्या आत. जेसीबी मात्र पुळणीवर आणू नये, तो प्लॅस्टिकपेक्षा वाळूच जास्त उचलतो. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी, वायंगणी इथे नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येऊ लागतात, त्यामुळे तिथलं काम हातांनी आणि चाळण्यांनी ऑक्टोबरातच उरकलेलं बरं.